पट्टी फुकट, टोपल्या विकल्या जातात, तरी महिनाअखेरीस हातात काही नाही : गळती कुठे असते?

ताई, तुमचा प्रश्न वाचला. थोडक्यात असा की सात जणींचा गट आहे, आधी नऊ होत्या. पॅकिंगच्या प्लॅस्टिक पट्ट्या फुकट मिळतात, त्यांच्या टोपल्या विणता, बघणारे नावाजतात, माल पडूनही राहत नाही, तरी वाटणी केली की एकीच्या वाट्याला साध्या मजुरीएवढंही येत नाही आणि म्हणूनच दोघी सोडून गेल्या. आता रेट वाढवावा की नवीन डिझाईन काढावीत असं विचारताय. मी बरीच वर्षं बायकांच्या विणकाम गटांसोबत आहे, आधी स्वतः विणायचे, आता जास्त करून ट्रेनिंग आणि कॉस्टिंग बघते, म्हणून जरा लांबलचक लिहितेय, चालवून घ्या.

माझ्या मते रेट आणि डिझाईन दोन्ही नंतरचं. माल विकला जातोय आणि तरी पैसा दिसत नाही म्हणजे गळती विक्रीत नाही, ती टोपली विणायला घ्यायच्या आधीच झालेली असते. आणि बहुतेक वेळा जी गोष्ट आपण सगळ्यात स्वस्त धरून चालतो तिथेच असते, म्हणजे त्या फुकटच्या पट्टीत.

गटातल्या कुणालाही विचारा, एक टोपली करायला किती वेळ लागतो. समजा ती म्हणाली अडीच तास. तिचं खोटं नाही, पण तिने वेळ धरलाय तो बूड घालण्यापासून काठ बंद करेपर्यंतचा. त्याच्या आधी गोदामातून आलेला पट्ट्यांचा गुंता सोडवणं, क्लिपा आणि जोड कापून टाकणं, चिकटपट्टीचा डिंक घासून काढणं, धुणं, वाळवणं, रुंदीप्रमाणे आणि रंगाप्रमाणे वेगळं करणं, मापात कापणं हे सगळं कुणीतरी केलंय. ते एका टोपलीमागे सव्वा तास धरा. नंतर टोकं खोचणं, कान लावणं, शेवटचा हात फिरवणं अर्धा तास. पॅकिंग, पोचवणं आणि नापास होऊन उसवलेल्या टोपल्यांचा वाटा मिळून अजून अर्धा. झाले पावणेपाच तास. रेट ठरवला अडीच तासांवर, काम झालं पावणेपाचचं, म्हणजे तासाची मजुरी तुम्हाला वाटते त्याच्या जवळजवळ निम्मी पडतेय. हे आकडे माझे उदाहरणादाखल आहेत, तुमचे वेगळे येतील, पण मी जिथे जिथे मोजायला लावलंय तिथे आधीच्या कामाचा आकडा ऐकून बायका एकमेकींकडे बघायला लागतात.

म्हणून पहिलं काम मोजायचं, आणि मोबाईलच्या घड्याळावर मोजायचं, अंदाजे नाही. एका आठवड्याची वही घाला. सफाई, छाटणी, विणणं, फिनिशिंग, बाहेरची धावपळ असे पाच रकाने, कोण कुठे किती वेळ बसली ते लिहायचं. लिहायला येत नसेल तिने रेघा मारायच्या, एक रेघ म्हणजे अर्धा तास. पण यात एक पथ्य पाळा, वही कामचुकार पकडायला आहे असं कुणाला वाटता कामा नये, नाहीतर दुसऱ्या दिवशीच सगळ्यांचे तास सारखे दिसायला लागतील.

आता पट्टीकडे येते, कारण खरा फरक इथे पडतो.

एक साधी चौकोनी टोपली धरा, बूड ३० बाय २० सेंटिमीटर, उंची २०, पट्टी १२ मिलिमीटरची. विणताना मध्ये थोडी फट राहतेच म्हणून एका पट्टीला सव्वा सेंटिमीटर धरायचं. बुडाच्या लांबीच्या दिशेने १६ पट्ट्या, प्रत्येक ९० सेंटिमीटर, म्हणजे बूड ३०, दोन्हीकडच्या भिंती २० अधिक २० आणि काठाला वळवून आत खोचायला दोन्ही टोकांना १०-१०. आडव्या दिशेने २४ पट्ट्या, प्रत्येक ८० सेंटिमीटर. मग भिंतीचे १६ वेढे, घेर १०० सेंटिमीटरचा आणि एकावर एक चढवायला ८, असे १०८. बेरीज करा, सुमारे ५१ मीटर पट्टी. कान आणि वाया जाणारं धरून ५५ च्या पुढेच. यातली एकही पट्टी ८० सेंटिमीटरपेक्षा आखूड चालत नाही. आता तुमच्या पोत्यात हात घालून बघा ८० च्या वरच्या पट्ट्या किती आहेत. निम्मं पोतं आखूड तुकड्यांचं असेल तर तुम्ही निम्मा कचरा फुकट धुताय आणि फुकट वाहताय.

याच्यावर उपाय सोपा आहे पण तो तुमच्या खोलीत नाही, गोदामात आहे. खोका उघडणारा माणूस घाईत कात्री मिळेल तिथे चालवतो, कधी दोन-तीनदा. त्याला एवढंच सांगायचं की दादा, जिथे जोड आहे ना, त्याला लागून एकदाच कापा आणि पट्टी गोळा करून खिळ्याला अडकवा. जोडाशी एकदाच कापली की खोक्याच्या पूर्ण घेराएवढी पट्टी सलग मिळते. मालकाशी बोलून उपयोग होत नाही असं नाही, पण कात्री ज्याच्या हातात आहे त्याच्याशी बोललात तर लगेच फरक दिसतो. त्याला एखादी टोपली भेट द्या, ती टोपली वसूल होते. दुसरं म्हणजे सगळीकडून थोडं थोडं गोळा करण्यापेक्षा एकसारखी पट्टी नियमित देणाऱ्या एक-दोन जागा पकडा आणि बाकीच्या सोडून द्या, फुकट असल्या तरी. हे सांगितलं की बायकांना फार जड जातं, फुकटचं सोडवत नाही. पण पाच प्रकारच्या रुंदीची, तीन प्रकारच्या कडकपणाची पट्टी घरात आली की निवडण्यातच दिवस जातो.

कडकपणावरून आठवलं, सगळी पट्टी एक नसते. साधारण दोन जाती हातात येतात, पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलिन आणि पेट म्हणजे पाण्याच्या बाटलीचं प्लॅस्टिक. ओळखायची कशी, तर एक तुकडा बादलीत टाका आणि बोटाने पाण्याखाली दाबून त्याला चिकटलेला हवेचा बुडबुडा घालवा. पीपी वर येते, पेट तळाला जाते. पीपी मऊ, हलकी, घडी सोसते, डबीच्या झाकणांचे जोडलेले बिजागर याच प्लॅस्टिकचे करतात ते त्यामुळेच. नवख्या हाताला पीपी द्या. पेट जास्त ताकदीची, ताण धरून ठेवते, जड सामानाच्या मोठ्या टोपलीला उत्तम, पण तिची धार बोट कापते आणि वळवताना उसळून अंगावर येते. एका टोपलीत दोन्ही मिसळू नका, एक ढिली पडते आणि दुसरी पडत नाही, मग महिन्याभरात टोपलीचं तोंड वाकडं होतं आणि गिऱ्हाईक म्हणतं विणकाम कच्चं.

पीपीचा शत्रू ऊन. उघड्यावर पडलेली पट्टी वरून छान दिसते पण नखाने घासली तर पांढरी भुकटी येते. एकाच जागी चार-पाच वेळा पुढे मागे घडी घाला, चांगली पट्टी तग धरते, उन्हाने मेलेली चिरफळते. ही चाचणी पोतं आत घ्यायच्या आधी दारातच करायची. आणि गिऱ्हाइकालाही सांगायचं की टोपली कायम कडक उन्हात ठेवू नका. त्याने विक्री कमी होत नाही, उलट तक्रारी थांबतात.

आता पैशाच्या वाटणीबद्दल, जिथे मला वाटतं तुमच्या त्या दोघी गेल्या. तुम्ही लिहिलंय की वाटणी टोपलीच्या नगावर होते, जिने विणली तिला पैसे. मग सफाई आणि छाटणी कोण करतं? सगळ्या मिळून, असं उत्तर असणार, आणि सगळ्या मिळून याचा अर्थ बहुतेक ठिकाणी असा होतो की ज्यांचा हात विणायला हळू चालतो किंवा ज्या नव्या आहेत त्या करतात आणि त्यांना त्याचं काहीच मिळत नाही. तुमच्याकडे असंच असेल असं मी छातीठोक म्हणत नाही, पण गेलेल्या दोघी काय काम जास्त करायच्या ते आठवून बघा.

मी आता गटांना सांगते की तयार पट्टी हाच एक माल धरा. स्वच्छ, एका रुंदीची, मापात कापलेली, पन्नास-पन्नासच्या जुड्या बांधलेली पट्टी. तिचा जुडीमागे रेट ठरवा आणि जी तयार करेल तिला तो द्या, मग ती विणो न विणो. विणणारीने जुडी गटाकडून हिशोबात घ्यायची. याने दोन गोष्टी होतात. एक म्हणजे ते लपलेलं काम कागदावर येतं आणि टोपलीच्या किमतीत आपोआप शिरतं. दुसरी, हातात फोड आली, मनगट दुखतंय, घरात लहान मूल आहे, अशा बाईलाही कमाईचं काम राहतं, ती गटाबाहेर पडत नाही. विणणाऱ्या सुरुवातीला कुरकुर करतात की आमच्या टोपलीतून पैसे कापताय, तेव्हा ती वही पुढे ठेवायची. जुड्या आयत्या मिळाल्या की त्याच वेळात त्यांच्या टोपल्या जास्त होतात, हे त्यांना दोन-तीन आठवड्यांत कळतं.

इथपर्यंतचं एका दमात सांगायचं तर असं: वेळ मोजा, लांब आणि एकसारखी पट्टी मिळवा, दारात तपासा, तयारीच्या कामाला वेगळे पैसे द्या. हे झाल्याशिवाय रेट वाढवला तरी गळक्या हंड्यात पाणी ओतल्यासारखं होईल.

मग साइज. तुम्ही लिहिलंय की गिऱ्हाईक सांगेल त्या मापाची करून देतो. हे बंद करा, किंवा त्याला वेगळा आणि चढा रेट लावा. तीन मापं ठरवा, एकात एक बसणारी असतील तर उत्तम, कारण ठेवायला, न्यायला जागा कमी लागते आणि दुकानदार तिन्हींचा सेट घेतो. प्रत्येक मापाचा एक लाकडी किंवा जाड पुठ्ठ्याचा ठोकळा करून घ्या आणि त्याच्याभोवती विणा. बूड झालं की चारी बाजूंच्या पट्ट्या मोजपट्टीने किंवा नखाने दाबून वर वळवायच्या, ठोकळा आत ठेवायचा, पहिला वेढा कपड्यांच्या चिमट्यांनी धरायचा. पहिले दोन वेढे चुकले की पुढची सगळी टोपली तिरकी जाते, म्हणून नवीन मुलगी असेल तर तिथपर्यंत जुनीने शेजारी बसावं. ठोकळ्यावर केलेल्या सात जणींच्या टोपल्या एकसारख्या दिसतात आणि मोठी ऑर्डर नापास होते ती नेमकी त्या एकसारखेपणावर, सौंदर्यावर नाही.

काठासाठी एक सांगते. टोकं मेणबत्तीवर वितळवून चिकटवायची सवय बऱ्याच गटांत असते, ती मोडा. धूर नाकात जातो, काठ काळा पडतो आणि वितळलेला जोड कडक होऊन तिथूनच तुटतो. शेवटच्या वेढ्यावर उभी पट्टी एक आत एक बाहेर अशी दुमडायची आणि विणीखालून तीन-चार घरं खाली खोचून उरलेलं टोक कापायचं. म्हणून तर वर ते १०-१० सेंटिमीटर ठेवले. ना गोंद लागतो, ना आग. आणि पीव्हीसीची कुठलीही वस्तू, पाइपची चिरी असो की वायरचं आवरण, गरम करू नका, त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते.

आता रेट. कॉस्टिंग असं मांडा: तयार जुडीची किंमत, अधिक विणण्याचे आणि फिनिशिंगचे तास गुणिले ठरवलेली मजुरी, अधिक वाहतूक, भाडं, वीज, फोन यांचा वाटा, अधिक खराब होणाऱ्या मालाचा वाटा, अधिक गटाच्या पेटीत ठेवायचा थोडा भाग. तासाची मजुरी कोणती धरायची, तर तुमच्या भागात बाईला दुसऱ्या कामाला जे मिळतं त्याच्या खाली नको, नाहीतर ती त्या कामाला जाणारच आणि तिने जावंही. हा आकडा आला की हा तुमचा दुकानदाराला द्यायचा रेट. दुकानदार त्याच्यावर साधारण दुप्पट करून विकतो, ते त्याचं भाडं आणि पडून राहणाऱ्या मालाची जोखीम असते, त्याच्यावर चिडून उपयोग नाही. पण तुम्ही स्वतः प्रदर्शनात बसाल तेव्हा त्या दुकानाच्या किमतीच्या आसपासच विका, निम्म्यात नाही. एकदा गिऱ्हाइकाने तुमच्याकडे निम्म्यात घेतली की दुकानदार पुढची ऑर्डर देत नाही. आणि प्रदर्शनात बसलेल्या बाईचा दिवसही मजुरीत धरायचा, तो सगळे विसरतात.

हिशोब करून आलेली किंमत बाजार देईल का, हे मात्र मी इथून सांगू शकत नाही. तुमच्या आसपास कोण घेतं, साध्या वापराला घेतं की शोभेला, हे काम तुमच्यासाठी मुख्य कमाई आहे की घर सांभाळून दोन तासांचं, यावर ते अवलंबून आहे. साध्या वापराच्या टोपलीची लढाई कारखान्यात साच्यातून निघालेल्या टबाशी असते आणि हाताची वीण त्या किमतीला कधीच पोचणार नाही. तिथे पैसे मिळत नसतील तर तीच पट्टी, तीच वीण, पण कपाटात बसणारे कप्पे, कुंडीचं आवरण, झाकणाची कपड्यांची टोपली अशा वस्तूंकडे वळावं लागतं, म्हणजे डिझाईनचा तुमचा प्रश्न चुकीचा नाही, फक्त नंबर नंतरचा आहे. एक अट, खायचा पदार्थ थेट ठेवायची वस्तू या पट्टीतून करू नका, आधी ती कुठल्या मालाला बांधली होती ते आपल्याला माहीत नसतं.

जगात हे काम कसं वाढलं त्याची दोन उदाहरणं मी ट्रेनिंगमध्ये सांगते. पश्चिम आफ्रिकेतल्या गांबिया देशातल्या नजाऊ गावात इसातू सीसे यांनी १९९७ साली गावातल्या काही बायकांना घेऊन फेकलेल्या प्लॅस्टिक पिशव्या धुऊन, त्यांच्या लांब पट्ट्या कापून क्रोशाने पर्सेस करायला घेतल्या. तिथेही पिशव्या गोळा करणं, धुणं, वाळवणं, कापणं हे कामाचं अंगच होतं, विणायच्या आधी करायची किरकोळ गोष्ट नव्हती. दुसरं दक्षिण आफ्रिकेतल्या क्वाझुलू-नाताळचं, तिथे झुलू कारागीर टेलिफोनच्या रंगीत तारेच्या तुकड्यांपासून इंबेंगे नावाची झाकणं आणि वाडगे विणायला लागले. मागणी एवढी वाढली की टाकाऊ तार पुरेना आणि आता बरंचसं काम खास विकत घेतलेल्या नव्या तारेवर चालतं. त्यात वाईट काही नाही, पण मग त्याला टाकाऊपासूनचं म्हणता येत नाही. तुमच्यावरही ती वेळ येईल, मोठ्या ऑर्डरला एका रंगाची पट्टी कमी पडेल आणि कुणीतरी म्हणेल नवा रोल आणू. आणा, पण लेबलवर तसं लिहा, किती जुनी किती नवी. टाकाऊपासून म्हणून जास्त पैसे देणारा गिऱ्हाईक हीच गोष्ट सगळ्यात आधी विचारतो, म्हणून पट्टी कुठून आली, किती किलो आली याचीही नोंद त्याच वहीत ठेवा.

मोठी ऑर्डर घेताना ॲडव्हान्स मागायला लाजू नका. जागतिक फेअर ट्रेड संघटनेच्या, म्हणजे कारागिराला रास्त मोबदला मिळावा म्हणून काम करणाऱ्या संघटनेच्या, दहा तत्त्वांमध्येच आहे की हस्तकलेच्या मालाला उत्पादकाने मागितल्यास किमान ५० टक्के रक्कम बिनव्याजी आगाऊ द्यावी. समोरचा व्यापारी त्या संघटनेत नसेल तर तो बांधील नाही, पण बोलणं कुठून सुरू करायचं ते तरी कळतं. निम्मे नाही देत म्हणाला तर तिसरा हिस्सा मागा. काहीच नाही देत म्हणाला तर एवढी मोठी ऑर्डर घेऊ नका, थोडी थोडी द्या, आधीच्या खेपेचे पैसे आल्यावर पुढची खेप. आणि सॅम्पलची एक टोपली दोघांच्या सह्यांची चिठ्ठी लावून तुमच्याकडे ठेवा, माल परत करायला निघाला की तीच समोर ठेवायची.

शरीराचंही बघा. जमिनीवर वाकून विणलं की आधी कंबर जाते, मग मनगट. ठोकळा टेबलावर किंवा उंच पाटावर घ्या, तर्जनी आणि अंगठ्याला कापडी चिकटपट्टी गुंडाळा, तासाभराने उठून हात झटका. पेटची पट्टी कापताना टोक उडतं, तेव्हा दुसरं टोक पायाखाली धरूनच कापायचं आणि साधा चष्मा लावायचा.

शेवटी रेट वाढवायचा झाला तर कसा, हे तुम्ही विचारलं होतं म्हणून. जी ऑर्डर आधीच कबूल केलीय तिच्यावर वाढवू नका. नवी तीन मापं ठोकळ्यावर करून, नवा रेट लावून, त्याचं सॅम्पल घेऊन जुन्या दुकानदारांकडे जा. जुनी मापं त्या दिवसापासून बंद झाली असंच सांगा, म्हणजे जुन्या रेटशी तुलना करायला त्याच्याकडे वस्तूच राहत नाही. एखादा दुकानदार तुटेल, त्याची तयारी ठेवा. तोपर्यंत आठवड्याची वही भरून झाली की पाचही रकान्यांच्या बेरजा आणि त्या आठवड्यात झालेल्या टोपल्यांची संख्या इथेच टाका, रेट किती धरायचा ते त्या आकड्यांवरून बघू.